हार्पसिकॉर्ड उठून गेल्यावर: बरोक ओव्हर्चर सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी लिहिण्याची पद्धत

बरोक ओव्हर्चरचं, म्हणजे हँडेलच्या काळात मोठ्या कृतीच्या आधी वाजणाऱ्या सुरुवातीच्या रचनेचं, मूळ पान उघडलं की त्यात फार काही दिसत नाही. दोन व्हायोलिनच्या ओळी, एक व्हायोलाची, खाली बास. कधी ओबो असतात, तेही बहुतेक वेळ व्हायोलिनच्याच सुरांवर चालतात. समोर मात्र पन्नास माणसांचा ऑर्केस्ट्रा बसणार असतो: फ्लूट, क्लॅरिनेट, चार हॉर्न, ट्रॉम्बोन, टिंपनी. मग चार ओळी वीस ओळींत वाटायच्या, म्हणजे झालं, असा समज होतो. याच समजातून बहुतेक अरेंजमेंट जड, चिकट आणि गढूळ होतात.

त्या पानावर एक पाचवा वादक असतो, पण त्याची ओळ लिहिलेली नसते. बासच्या सुरांवर बारीक आकडे असतात: ६, ७, ४, कुठे नुसता शार्प. त्या आकड्यांवरून हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य) किंवा ऑर्गनवाला जागच्या जागी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, भरत असे. संगीत नाटकात ऑर्गनवाला जे काम करतो त्याच्या जवळचं हे काम: गायकाच्या मागे राहायचं, पोकळी भरायची, पुढे यायचं नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रात हार्पसिकॉर्ड एकतर नसतं, नाहीतर असून ऐकू येत नाही. ते गेलं की संगीताचा मधला भाग रिकामा होतो. अरेंजमेंटचं खरं काम हा रिकामा भाग कोणाला, किती आणि कधी द्यायचा हे ठरवणं. बाकीची सगळी कामं त्याच्या मागून येतात.

आधी मूळ प्रत आणि हक्क

उदाहरणासाठी हँडेलच्या 'मसायाह' या गायक आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या कृतीचं ओव्हर्चर घेऊ. १७४१ मध्ये लिहिलेलं, १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये पहिल्यांदा वाजलेलं. ई मायनरमध्ये आहे, आधी ग्राव्ह नावाचा संथ भाग, मग फ्यूगच्या चालीचा, म्हणजे एकच विषय पाठोपाठ वेगवेगळ्या ओळींत येणारा, वेगवान भाग. सुरुवात करायला हे उत्तम, कारण मूळ लेखन तंतुवाद्यांसाठी आहे आणि काय वाढवलं ते चटकन कळतं.

प्रत कुठली वापरायची याला महत्त्व आहे. क्रिझांडर या जर्मन संपादकाने एकोणिसाव्या शतकात संपादित केलेल्या हँडेलच्या समग्र आवृत्तीवर आता हक्क उरलेला नाही, ती इंटरनेटवर मोकळी मिळते. अलीकडच्या संपादित आवृत्त्यांचं तसं नाही. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. हँडेलचे सूर मोकळे असले तरी एखाद्या आधुनिक संपादकाने आकड्यांवरून लिहून काढलेला हार्पसिकॉर्डचा भाग त्याचा असतो. तो उचलू नका. आकडे घ्या आणि कॉर्ड स्वतः भरा, कारण पुढचं सगळं काम त्या सरावावर उभं आहे.

मोठ्या लोकांनी हे काम केलेलं आहे, त्यांच्याकडे बघून घ्यावं. मोझार्टने १७८९ मध्ये व्हिएन्नात 'मसायाह'ला फुंकवाद्यं जोडली. इंग्रज संगीतकार एल्गरने १९२३ मध्ये हँडेलचं डी मायनरमधलं एक ओव्हर्चर पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं. दोघांचे रस्ते उलट आहेत. मोझार्ट मूळ तंतुवाद्यांना फारसा हात लावत नाही, पोकळीत रंग भरतो. एल्गर आपल्या काळाचा भरदार ऑर्केस्ट्रा उघडपणे वापरतो. पहिल्या प्रयत्नाला मोझार्टचा रस्ता धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वादक मोजा, मग ओळी आखा

पाठ्यपुस्तकातला ऑर्केस्ट्रा म्हणजे १४ पहिले व्हायोलिन, १२ दुसरे, १० व्हायोला, ८ चेलो, ६ डबल बास. पुण्यात एखाद्या कार्यक्रमासाठी माणसं गोळा केली तर ८, ७, ४, ४, २ एवढी जमली तरी चांगलं जमलं म्हणायचं. म्हणजे पंचवीस तंतुवादक. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम वाजवणारे लष्करी बँडमुळे आणि ब्रास बँडच्या परंपरेमुळे मिळतात. ओबो आणि बसूनची मात्र टंचाई असते, ते बऱ्याचदा मुंबईहून बोलवावे लागतात आणि शेवटच्या एक-दोन तालमींनाच येतात. व्हायोलाही कमी पडतात.

या गोष्टी स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत, लिहिण्याआधी माहीत हव्यात. ऑर्केस्ट्रा लिहिणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे: जोरात वाजवताना एक हॉर्न म्हणजे दोन लाकडी फुंकवाद्यं, आणि एक ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोन म्हणजे दोन हॉर्न. पंचवीस तंतुवादकांसमोर चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन एकदम फोर्टे (जोरात) वाजले तर व्हायोलिनचे हात हलताना दिसतील आणि कानावर काहीच येणार नाही. अशा ऑर्केस्ट्रासाठी दोन हॉर्नवर लिहा. तिसरा-चौथा हॉर्न फक्त शेवटच्या पानावर दुप्पट करायला ठेवा. ट्युबा सरळ गाळा.

सभागृहाचाही विचार हवा. बालगंधर्व रंगमंदिरासारखी नाटकासाठी बांधलेली सभागृहं शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून कोरडी असतात. विंगेतले आणि मागचे पडदे आवाज पितात. चर्चमध्ये जो कॉर्ड भिंतींवर आपोआप रेंगाळतो तो इथे वाजवणं थांबलं की तुटतो. त्यामुळे कोरड्या सभागृहासाठी लिहिताना मधल्या फुंकवाद्यांचे सूर पूर्ण लांबीचे ठेवा. घुमणाऱ्या हॉलसाठी तेच सूर पाव मात्रेने आखूड करा.

पोकळी शोधण्याची रीत

स्कोअरच्या कागदाला हात लावण्याआधी एक कच्ची प्रत करा. वर मूळ चार ओळी, खाली एक रिकामी ओळ. त्या रिकाम्या ओळीवर आकड्यांप्रमाणे तीन सुरांचे कॉर्ड लिहा, मधल्या सीच्या खालच्या जीपासून वरच्या सप्तकातल्या ईपर्यंतच्या टापूत, उड्या न मारता. आकडे तुटक असतील तिथे वरच्या ओळींवरून अंदाज बांधावा लागतो. मग लाल पेन्सिल घ्या आणि या ओळीतले जे सूर व्हायोलिन-व्हायोलात आधीच आहेत त्यांवर काट मारा. जे उरले तेच फुंकवाद्यांना द्यायचे. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळलं की पुढे प्रत्येक पानावर त्याची किंमत मोजावी लागते.

एक तुकडा जवळून बघू. हा मूळ ओव्हर्चरमधला नाही, रीत दाखवण्यासाठी रचलेला आहे. बासमध्ये चार सूर: ई, डी शार्प, ई, बी. डी शार्पवर ६, शेवटच्या बीवर ४ आणि त्यानंतर शार्प. व्हायोलिन खूप वर आहेत, व्हायोला बासच्या जवळ. मध्ये दीड सप्तकाचा खड्डा. भरायचे तीन धागे असे निघतात:

पहिला: जी, एफ शार्प, जी, एफ शार्प.
दुसरा: ई, एफ शार्प, ई, मग बासच्या बीवर ई तसाच धरून ठेवायचा आणि नंतर डी शार्पवर उतरवायचा.
तिसरा: बी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरलेला.

दोन गोष्टी बघा. दुसऱ्या कॉर्डमध्ये बास डी शार्पवर आहे, म्हणून वर कोणालाही डी शार्प दिलेला नाही. हा सूर ईकडे ओढणारा, बोचरा सूर आहे. तो बासमध्ये असताना वर ओबोने किंवा फ्लूटनेही धरला तर कॉर्ड एका बाजूला कलंडतो. दुसरं, शेवटच्या बीवर ई अडकून राहतो आणि मग डी शार्पला येतो. यालाच सस्पेन्शन म्हणतात. ई अडकलेला असताना दुसरा एखादा वादक आधीच डी शार्प धरून बसला असेल तर सगळी गंमत जाते, आणि श्रोत्याला कोणीतरी चुकलं असंच वाटतं. बरोक अरेंजमेंटमधली ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ४ हा आकडा दिसला की सगळ्या ओळी वरून खाली तपासा.

आता हे तीन धागे कोणाला? पहिल्या झटक्यात सुचतं ते असं: वरचे दोन धागे दोन क्लॅरिनेटना, धरलेला बी हॉर्नला. कागदावर छान दिसतं. ई मायनरसाठी ए क्लॅरिनेट घ्यायचं असतं, ते लिहिल्यापेक्षा खाली वाजतं, म्हणून त्याची ओळ दीड स्वर वर लिहितात. म्हणजे मधल्या सीच्या वरचे ई, एफ शार्प, जी हे सूर त्याच्या पानावर जी, ए, बी फ्लॅट होतात. हे नेमके क्लॅरिनेटच्या घशातले सूर: फिके, पोकळ, सुरात ठेवायला अवघड. मंद वाजवले तर भोकातून हवा आल्यासारखे वाटतात.

म्हणून उलट करा. दोन धागे दोन हॉर्नना द्या. एफ हॉर्नची ओळ पंचमाने (सा ते प एवढ्या अंतराने) वर लिहिली जाते, तेव्हा पहिल्याच्या पानावर डी, सी शार्प, डी, सी शार्प आणि दुसऱ्याच्या पानावर बी, सी शार्प, बी, बी, ए शार्प. हॉर्नसाठी हा सगळ्यात सुखाचा टापू. आणि तो धरलेला बी एका क्लॅरिनेटला. त्याच्या पानावर तो वरच्या भागातला डी होतो, स्वच्छ आणि सरळ. तेच सूर, तेवढेच वादक, पण पहिल्या पद्धतीत गढूळ पाणी आणि दुसऱ्या पद्धतीत काच.

कॉम्प्युटर हा फरक सांगणार नाही. म्यूझस्कोअर, सिबेलियस, डोरिको या संगीत लिहिण्याच्या प्रोग्रामांपैकी काहीही वापरा (फिनाले बनवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये ते बंद केलं, नवं काम त्यावर सुरू करू नका), पण त्यांच्या प्लेबॅकमध्ये क्लॅरिनेटचे घशातले सूर झकास वाजतात, फ्लूटचा खालचा सी ट्रॉम्बोनच्या वर ऐकू येतो आणि कोणालाही श्वास लागत नाही. प्लेबॅक चुकीचे सूर पकडायला वापरा. समतोल त्यावरून ठरवू नका.

हार्पसिकॉर्डला आस नसते. तार छेडली की सूर लगेच विरतो, म्हणून वादक कॉर्ड पुन्हा पुन्हा छेडतो. हॉर्न-क्लॅरिनेटचं उलट, सुरुवातीचा ठोका मऊ आणि आस लांब. हार्पसिकॉर्डसारखे प्रत्येक अर्ध्या मात्रेला कॉर्ड फुंकवाद्यांना दिले तर बँडचा 'पुम्-चक' तयार होतो. कॉर्ड बदलेल तिथेच नवा सूर द्या, बाकी धरून ठेवा. ठोका हवाच असेल तर बसूनला बासचा सूर आखूड वाजवायला सांगा. लांब चेलो आणि आखूड बसून एकत्र वाजले की छेडलेल्या तारेचा भास होतो.

ग्राव्ह: पावणेदोन आणि पाव

फ्रेंच पद्धतीच्या ओव्हर्चरचा संथ भाग ठुमकत्या लयीवर उभा असतो. कागदावर दीड मात्रेचा सूर आणि अर्ध्या मात्रेचा सूर असं लिहिलेलं असलं तरी वाजवताना लांब सूर आणखी लांबवायचा आणि छोटा उशिरा, झटक्यात घ्यायचा अशी रीत आहे. बरोक संगीतात मुरलेले आठ वादक हे न सांगता करतात. पन्नास जणांच्या ऑर्केस्ट्रात अर्धे लोक दीड-अर्धा वाजवतात, अर्धे पावणेदोन-पाव, आणि छोटा सूर दोनदा ऐकू येतो.

म्हणून समजुतीवर सोडू नका, लिहून द्या. सगळ्यात उपयोगी लेखन असं: दीड मात्रेचा सूर, पाव मात्रेचा विराम, पाव मात्रेचा सूर. विरामामुळे गज उचलला जातो, फुंकवाद्यांची जीभ मोकळी होते आणि पन्नास माणसं एकाच क्षणी पुढच्या सुरावर येतात. दुसऱ्या ओळीत पाव-पाव मात्रांची धाव असेल तर ठुमक्याचा छोटा सूर त्या धावेतल्या शेवटच्या पावाशी जुळवा. लय मिनिटाला ५० ते ६० मात्रा. त्याहून संथ नेली की कोरड्या सभागृहात प्रत्येक विराम खड्डा वाटतो.

ग्राव्ह दोनदा वाजतो. मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी ही पर्वणी आहे. पुनरावृत्तीचं चिन्ह काढून टाका आणि दोन्ही वेळा पूर्ण लिहा. पहिल्या वेळी तंतुवाद्यं, दोन ओबो, बसून, म्हणजे हँडेलच्या काळाला ओळखीचा आवाज. दुसऱ्या वेळी तंतुवाद्यांचा आवाज पियानोवर (मंद) आणा, ओबो काढा, मघाचे हॉर्न आणि क्लॅरिनेटचे धागे घाला, शेवटच्या दोन बारांत (बार म्हणजे तालाचं एक घर) फ्लूट पहिल्या व्हायोलिनच्या एक सप्तक वर. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, टिंपनी यांना इथे काहीच देऊ नका. वादक बसून राहतील, राहू देत. फ्यूगच्या शेवटी ते येतील तेव्हा त्यांचं येणं कानाला जाणवायला हवं असेल तर आधीचा मोकळेपणा लागतोच.

फ्लूटबद्दल एक खबरदारी. वर सप्तक जोडायचं तर आधी सगळ्यात वरच्या धाग्याला जोडा. दुसऱ्या व्हायोलिनची ओळ एकटीच सप्तकभर वर नेली तर ती पहिल्याच्याही वर जाते आणि दोघींमधलं अंतर उलटं होतं. मुळात चार-चार स्वरांच्या अंतराने शेजारून चाललेल्या ओळी पाच-पाच स्वरांच्या होतात. समांतर पंचम तयार होतो, आणि तो त्या काळच्या लिखाणात खड्यासारखा टोचतो.

मुरक्यांचंही ठरवून टाका. बरोकमधला ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची झपाट्याने अदलाबदल) साधारणपणे वरच्या सुरापासून सुरू होतो. तो सूर छोट्या अक्षरात लिहून द्या. व्हायोलिन आणि ओबो एकाच सुरावर ट्रिल घेतात तेव्हा दोघांचा वेग कधीच जुळत नाही. ट्रिल व्हायोलिनला ठेवा, ओबोला फक्त वरून खाली येणारा साधा सूर.

फ्यूग: विषय ओळखू आला पाहिजे

वेगवान भागात विषय आधी एका ओळीत येतो, मग दुसरीत, मग खाली. लय मिनिटाला १०० ते ११२ ठीक. पहिल्या फेरीत काहीही वाढवू नका. श्रोत्याने विषय ऐकून लक्षात ठेवायचा असतो, त्याला तो साध्या रंगात मिळू द्या. रंग दुसऱ्या फेरीपासून बदला: वरचा प्रवेश ओबोसह, मधला क्लॅरिनेट आणि व्हायोला, खालचा बसून आणि चेलो. एक प्रवेश म्हणजे एक रंग, तो विषय संपेपर्यंत बदलायचा नाही. विषयाच्या मध्येच फ्लूट थांबवून ओबो घातला तर कान वाद्यामागे धावतो आणि विषय हातून निसटतो.

धावत्या सुरांच्या लांब ओळी व्हायोलिनला सोप्या, फुंकवाद्यांना जीवघेण्या. सहा-सात बार न थांबता पळणारी ओळ ओबोला द्यायची असेल तर ती पहिल्या आणि दुसऱ्या ओबोत वाटा. पहिल्याने ठोक्यावरच्या सुरावर थांबायचं, दुसऱ्याने नेमक्या त्याच सुरावर सुरू करायचं. एक सूर दोघांचा सामाईक असला की सांधा कळत नाही. सामाईक सूर न ठेवता ठोक्याच्या मध्येच तोडलं तर दर वेळी ठेच लागते. गजाच्या खुणा फुंकवाद्यांच्या ओळीत जशाच्या तशा उतरवू नका. वेगात दोन सूर जोडून, दोन जिभेने, असं लिहिलं तर वादकाला श्वासही मिळतो आणि उठावही येतो.

बासकडे लक्ष द्या. डबल बास लिहिलेल्यापेक्षा सप्तकभर खाली वाजतो आणि साध्या चार तारांच्या डबल बासचा सगळ्यात खालचा सूर ई असतो. चेलोच्या ओळीत खालचे डी शार्प, डी, सी आले की ते डबल बासला नाहीत. अशा वेळी तो एकच सूर वर उचलला तर बास अचानक उडी मारल्यासारखा ऐकू येतो. अख्खं वाक्य वर न्या, आणि वाक्याच्या सुरुवातीला न्या. धावत्या भागात डबल बासला सगळे सूर देण्याचीही गरज नाही. ठोक्यावरचे दिले की पुरतं, चेलो बाकीचं सांभाळतात. दोन डबल बास सोळाच्या सोळा सूर घासत बसले की खालून नुसती घरघर येते.

टिंपनी ई आणि बीवर लावा. खालचा ई सगळ्यात मोठ्या, ३२ इंची भांड्यावर, बी त्याच्या लहान भावावर. संगीत जी मेजरकडे वळतं तेव्हा ई त्या कॉर्डमध्ये नसतो आणि बी असला तरी तिसरा स्वर असतो, तो टिंपनीवर गुरगुरतो. तिथे गप्प बसवा. ट्रम्पेटबद्दल: बरोक काळात ट्रम्पेटला व्हॉल्व्ह नव्हते, त्यावर नैसर्गिक स्वरमालेतलेच सूर निघत, म्हणून त्या काळची ट्रम्पेटवाली ओव्हर्चर बहुतेक डी मेजरमध्ये सापडतात. ई मायनरमध्ये आजच्या ट्रम्पेटने सगळे सूर निघतात, पण विषय ट्रम्पेटवर दिला की हँडेल एकदम शंभर-दीडशे वर्षांनी पुढे सरकतो. ई आणि बी, मुख्य ठोक्यांवर, शेवटच्या आठ-दहा बारांत. एवढं पुरे. ट्रॉम्बोनना शेवटच्या प्रवेशात व्हायोला आणि बासचे धागे द्या, मेत्सो फोर्टेवर (मध्यम जोरात). सगळ्यांना एकच फोर्टे लिहू नका: तंतुवाद्यांना फोर्टे, हॉर्नला मेत्सो फोर्टे, ट्रम्पेटला मेत्सो फोर्टे, टिंपनीला त्याहून एक पायरी खाली.

क्यू आणि छापील पार्ट

ओबो-बसून शेवटच्या तालमीला येणार असतील तर त्यांच्या एकट्या जागा दुसऱ्या कोणाच्या पार्टमध्ये, म्हणजे त्याच्या वाद्याच्या छापील प्रतीत, छोट्या अक्षरात हव्यातच; यालाच क्यू म्हणतात. पहिल्या ओबोचा क्यू दुसऱ्या क्लॅरिनेटमध्ये, बसूनचा चेलोत किंवा युफोनियमवाला असेल तर त्याच्यासाठी वेगळा पार्ट. क्यू लिहिताना सूर त्या वाद्याच्या पट्टीत बदलायचे. ओबोची ओळ तशीच ए क्लॅरिनेटच्या पानात डकवली तर तालमीत दीड स्वर खालून बॉम्ब पडतो. आठ बारांहून लांब विरामानंतर कोणाचाही प्रवेश असेल तर आधीच्या दोन बारांचा क्यू द्या.

पार्टची मोजणी: दोन-दोन फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि टिंपनी मिळून १८ प्रती. तंतुवादक एका स्टँडवर दोघे, म्हणजे ८, ७, ४, ४, २ साठी ४, ४, २, २, १ अशा १३. तंतुवाद्यांच्या प्रत्येक विभागाची एक जास्तीची प्रत धरून ५ आणखी. एकूण ३६.

कागद १०० जीएसएमचा घ्या. ७० चा पंख्याखाली उडतो आणि पलीकडची छपाई आरपार दिसते. पार्टमध्ये पाच रेषांची उंची ७ मिलिमीटरच्या आसपास, कंडक्टरचा स्कोअर ए-३ वर. अप्पा बळवंत चौकात किंवा कुठल्याही प्रिंटवाल्याकडे फाइल दिली की तो सवयीने 'पानात बसवा' हा पर्याय चालू ठेवतो आणि रेषा पाच-सहा टक्क्यांनी आकसतात. दोघांत एक स्टँड असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या वादकाला ते दिसत नाही. 'मूळ आकारात' असं ठासून सांगा आणि पहिलं पान पट्टीने मोजा. पान उलटायची जागा विरामात आणा. पानाखाली तीन ओळी मोकळ्या राहिल्या तरी चालतील, धावत्या सुरांच्या मध्ये पान उलटणं चालणार नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा क्रमांक, आणि फ्यूगमध्ये विषयाच्या प्रत्येक प्रवेशावर मोठं अक्षर: ए, बी, सी. तालमीत थांबावं लागतं ते याच जागी.

पहिल्या तालमीत सगळ्यांना एकदम वाजवायला लावू नका. आधी फक्त तंतुवाद्यं आणि एक कीबोर्ड, आकड्यांचे कॉर्ड भरत. मूळ कसं वाटतं ते सगळ्यांच्या कानात बसतं. मग कीबोर्ड थांबवा आणि त्याच्या जागी हॉर्न-क्लॅरिनेट घ्या. कॉर्डमध्ये जिथे खड्डा जाणवेल तिथे कच्च्या प्रतीतली एखादी काट चुकून पडली असेल. शेवटी फुंकवाद्यं एकटीच वाजवून घ्या. ती एकटी वाजताना अपुरी, तुटक वाटायला हवीत. एकट्यानेच पूर्ण गाणं ऐकू येत असेल तर तुम्ही जास्त लिहिलं आहे, आणि पेन्सिल घेऊन त्यातली निदान एक-तृतीयांश ओळ गाळायची वेळ आली आहे. सर्वांत आधी दुसरा ओबो आणि दुसरा बसून तपासा, फुकटचे सूर तिथेच साठतात.

कार्यक्रम झाला की पार्ट त्याच दिवशी गोळा करा. वादकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा, खोडलेले सूर, बदललेले गज, श्वासाच्या जागा, सगळं मूळ फाइलमध्ये उतरवा आणि मगच नवी प्रत काढा.